लेफ्टनंट ग्रेंजचे वकील

पेलसाहेबांचा दिवस कोणाच्या तरी मरणाने सुरू होई. ज्या दिवशी कोणी मेलेलं नसे, त्या दिवशी ते चिडचिड करत.

इंग्लंडचं वर्तमानपत्र अमिरातीतल्या खोर फक्कानला शिळं होऊन पोचायचं. दुबईहून भाजी घेऊन येणारा पिकअपवाला आमच्या इमारतीखालच्या ग्रोसरीत ते टाकून जाई. मी पहिल्या दिवशी टायपिंगच्या कामाला म्हणून तिसऱ्या मजल्यावर गेले, तेव्हा पेलसाहेब ते वाचत दारातच उभे होते. उंच, वाळका माणूस, निळा ब्लेझर, पायात रबरी चपला. मला त्यांनी या म्हटलं नाही की नाव विचारलं नाही. "अखेर गेला," एवढंच म्हणाले. मला वाटलं, घरातलं कोणी गेलं. मी पुन्हा कधी तरी येते म्हणून वळले, तर हे गृहस्थ हात चोळत म्हणाले, "छे, छे, आत्ताच बसा. आता त्याच्याविषयी खरं लिहायला हरकत नाही."

गेलेला माणूस कुठला तरी प्रोफेसर होता आणि त्याने ब्रिटिश आरमारातल्या तोफांवर जाडजूड पुस्तकं लिहिली होती. पेलसाहेब अशा लोकांचा चरित्रकोश करत होते. म्हणजे आरमारातल्या शूरवीरांचा नव्हे. त्या शूरवीरांवर पुस्तकं लिहिणाऱ्यांचा. ब्रिटिश आरमाराचे इतिहासकार, समुद्रावरचे लेखक, जहाजांची वर्णनं करण्यात जन्म घालवलेले लोक. मी घरी येऊन नवऱ्याला हे सांगितलं. शिरीष खोर फक्कानच्या बंदरात कंटेनर चढवण्या-उतरवण्याचं प्लॅनिंग बघायचा. तो म्हणाला, "म्हणजे मॅच खेळले त्यांचं नाही, कॉमेंट्री केली त्यांचं रेकॉर्ड. चांगलंय. एसीत बसून काम आहे ना? मग झालं."

कोशाचे नियम कडक होते. जिवंत माणसाला प्रवेश नाही. प्रत्येकाला एक पान, मग तो कितीही मोठा असो. आणि प्रत्येक पानाच्या शेवटी त्या माणसाने आयुष्यात केलेली एक चूक. एकाने एका कप्तानाचा डावा पाय लढाईत घालवला होता आणि पुढच्या प्रकरणात त्याच कप्तानाला लाकडाचा उजवा पाय बसवला होता. एकाने वादळाचं इतकं सुंदर वर्णन केलं होतं की ते शाळेच्या पुस्तकात गेलं; त्या दिवशी वारा अजिबात नव्हता. मी न राहवून एकदा म्हटलं, सर, माणूस गेल्यावर असं लिहिणं बरं दिसतं का? पेलसाहेब चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. "चूक हा माणसाचा पत्ता असतो, मिसेस गद्रे. बाकी सगळं सगळ्यांचं सारखंच असतं. जन्म, शाळा, आजारी बायको, पेन्शन."

हे स्वतः कधी काळी ब्रिटिश नौदलात होते, पण तिथे ते खलाशांना इतिहास आणि व्याकरण शिकवत. इमारतीचा मालक अबू सालेम त्यांना 'नोखदा' म्हणे, म्हणजे जहाजाचा कप्तान, आपल्याकडे नाखवा म्हणतात तसं. अबू सालेमचे वडील खरोखरचे नोखदा होते. पेलसाहेबांनी ती उपाधी कधी नाकारली नाही. एवढं एकच ऐतिहासिक असत्य त्यांनी स्वतःच्या बाबतीत चालू दिलं होतं.

बंदरातल्या बोटींकडे ते ढुंकून बघत नसत. "ते जहाज नव्हे, गोदाम आहे," असं त्यांनी शिरीषला तोंडावर सांगितलं, आणि शिरीष दोन दिवस घुम्यासारखा बसला. मग मी वर जाताना साखरांब्याची बरणी घेऊन जायला लागले तेव्हा दोघांत तह झाला. साहेब तो टोस्टला लावून खात आणि इंग्रजांच्या मुंबईच्या आरमाराला असला मार्मलेड मिळत असता तर त्यांनी आणखी दोन देश घेतले असते, असं म्हणत. आपण इथे नोकरीला आलेलो असताना हे ऐकून हसावं की काय करावं ते मला कळत नसे.

ते खोर फक्कानला राहत होते ते मात्र एका जहाजासाठी. खिडकीतून डावीकडे, बंदराच्या भिंतीच्या पलीकडे काळे खडक दिसतात. कंपनी सरकारच्या मुंबईच्या आरमाराचं एक छोटं शिडाचं जहाज या किनाऱ्याची मोजणी करत आलं होतं. एका स्वच्छ दुपारी, समुद्र शांत असताना ते त्या खडकांवर जाऊन फुटलं. बरीच माणसं बुडाली. मस्कतला चौकशी झाली आणि पहाऱ्यावरचा अधिकारी डेक सोडून खाली झोपायला गेला होता, असं ठरलं. पण चौकशीच्या कागदांत त्याचं नाव नव्हतं. ते नाव तरुण पेलसाहेबांनी शोधून काढलं. त्यांना जहाजावरचा पहाऱ्यांचा तक्ता मिळाला. कुठल्या तारखेला दुपारी कोण उभा राहणार, हे कप्तानाने त्यात लिहिलं होतं. चौकशीतली तारीख तक्त्यात बघितली. लेफ्टनंट ग्रेंज.

त्या पुस्तकाने पेलसाहेबांचं नाव झालं. शंभरेक वर्षांहून जुना गुन्हा एका मास्तराने उघडकीला आणला म्हणून वर्तमानपत्रात फोटो आला. तिकडच्या नौदलाच्या वर्गांत पोरांना अजून सांगतात म्हणे की पहारा सोडू नका, नाहीतर ग्रेंज व्हाल. घरी आलेल्या पाहुण्याला पेलसाहेब खिडकीशी नेत, खडक दाखवत आणि "तिथे," एवढंच म्हणत. मग चहा मागवत.

इंग्लंडमध्ये त्यांचा एक शत्रू होता, डॉक्टर मून. दोघं एकमेकांच्या पुस्तकांवर आयुष्यभर वाईट लिहीत आले होते. पत्रव्यवहार मात्र नियमित असे, कारण दुसऱ्याची तब्येत कशी आहे याची दोघांनाही काळजी होती. जो आधी जाईल त्याचं पान दुसरा लिहिणार, हे उघड होतं. "शत्रू जपून ठेवावा, मिसेस गद्रे," ते म्हणत. "आपली पुस्तकं शेवटपर्यंत वाचणारा तोच एक असतो. मित्र नुसतं अभिनंदन करतात."

कोश छपाईला जायला टेकला होता, त्या हिवाळ्यात अबू सालेमच्या मुलाचं लग्न निघालं. जिन्यात पेलसाहेब भेटल्यावर अबू सालेमने त्यांना स्वतः बोलावणं केलं. जुन्या अरबांना असतं तसं त्याला चांगलं हिंदी येत असे. "नोखदा, जुमे की रात को खाना हमारे साथ, इन्शाल्ला." आम्हालाही बोलावणं होतं. आम्ही गुरुवारी संध्याकाळी जाऊन, बायका बायकांच्या मंडपात आणि पुरुष पुरुषांच्या, पोटाला तडस लागेपर्यंत जेवून आलो. साहेब दिसले नाहीत. त्यांना गर्दीचं वावडं होतं, म्हणून आम्ही काही मनावर घेतलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी मी गॅलरीत कपडे काढत होते. खाली मंडपाच्या कनाती सोडणं चाललं होतं, पोरं सतरंज्या गुंडाळत होती, आणि त्यांच्या मधोमध पेलसाहेब टाय लावून, हातात रंगीत कागदात बांधलेला खोका घेऊन उभे होते. मी खाली धावले. अबू सालेम त्यांचा दंड धरून शांतपणे समजावत होता. "शादी तो कल हो गई, नोखदा. जुमे की रात कल थी. रात पहले आती है, दिन बाद में." साहेबांनी विचारलं, दिवस सुरू कधी होतो. "मगरिब से," अबू सालेम म्हणाला. सूर्य बुडाला की नवा दिवस. हे त्या म्हाताऱ्याला माहीत नसेल, याचंच त्याला नवल वाटत होतं.

पेलसाहेबांना ते माहीत होतं. त्यांनी अरबी ग्रंथ वाचले होते. पण माहीत असणं आणि जेवायला जाताना आठवणं वेगळं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी तो खोका माझ्या हातात दिला आणि लिफ्ट सोडून जिन्याने वर गेले.

शनिवारी मी कामावर गेले तेव्हा टेबलावर मस्कतच्या जुन्या कागदांच्या झेरॉक्स पसरल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, तुम्हा हिंदूंचा दिवस कधी सुरू होतो. मी म्हटलं, सूर्योदयाला. आजीची एकादशी असायची तेव्हा तसंच धरत. मग त्यांनी शिरीषचा दिवस विचारला. मी म्हटलं, शिफ्ट लागली की. त्यांनी मान हलवली आणि मला समजेल अशा भाषेत सांगितलं. जुन्या शिडाच्या जहाजांवर नवी तारीख दुपारी बारा वाजता सुरू होत असे. म्हणजे जमिनीवर बारा तारखेची दुपार असली की जहाजावर तेरा तारीख लागलेली असायची. पुढे आरमाराने ही पद्धत सोडली आणि आपल्यासारखी मध्यरात्र धरली. पेलसाहेबांनी गृहीत धरलं होतं की हे जहाजही नवीन पद्धतीने चालत होतं. त्यांनी ते तपासलं नव्हतं.

पुढचे काही आठवडे त्यांनी तपासण्यात घालवले. जहाज एका दुपारी मस्कतला लागल्याची कप्तानाची तारीख आणि मस्कतच्या लोकांनी लिहिलेली तारीख जुळत नव्हती. आणखी एक बंदर, तिथेही तेच. कप्तान जुन्या वळणाचा होता, त्याचा दिवस दुपारीच बदलत होता. चौकशीतली तारीख मात्र जमिनीवरच्या माणसांनी घातलेली होती. ती तारीख जहाजाच्या तक्त्यात बघायची, तर पुढची ओळ वाचायला हवी होती. पुढच्या ओळीत कप्तानाच्या पुतण्याचं नाव होतं. ग्रेंजचा पहारा आदल्या दिवशी बिनबोभाट पार पडला होता.

गंमत म्हणजे, किंवा गंमत नव्हे, नेमकी ही चूक कोशातल्या दुसऱ्या एका गृहस्थाच्या पानाखाली होती. मीच टाइप केली होती. तिच्या आधी पेलसाहेबांनी 'अक्षम्य' हा शब्द घातला होता.

त्यांनी प्रकाशकाला कळवलं. प्रकाशकाचा फॅक्स खालच्या टायपिंग सेंटरवाल्या मल्याळी माणसाने धावत वर आणून दिला, कारण त्याला तो महत्त्वाचा वाटला. त्यात सौम्य शब्दांत लिहिलं होतं की, इतरांच्या चुका सांगणाऱ्या कोशाच्या संपादकाने याच वेळी स्वतःची एवढी मोठी चूक जाहीर केली तर कोश कोण विकत घेणार. आधी कोश निघू द्यावा. पुढे बघू. पेलसाहेब म्हणाले, "मी थांबू शकतो. ग्रेंजही थांबेल, त्याला सवय आहे." पण त्यांच्या हृदयाला तेवढा धीर नव्हता. फुजैराच्या डॉक्टरने त्यांना जिने चढायची बंदी केली होती आणि लांबचे बेत करू नका असं सांगितलं होतं.

मग त्यांनी एका इतिहासाच्या नियतकालिकाकडे दुरुस्ती पाठवली. ती परत आली. मूळ ग्रंथातला पुरावा इतका भक्कम आहे की केवळ लेखकाला उतारवयात शंका आली म्हणून तो बाजूला ठेवता येत नाही, असं संपादकाचं म्हणणं होतं. आधार म्हणून त्याने पेलसाहेबांच्याच पुस्तकाची पानं दिली होती.

मी म्हटलं, सर, तुम्ही तुमच्याकडून केलंत ना, आता सोडून द्या. शिरीषही त्या दिवशी बरणी घेऊन आला होता. तो म्हणाला, "सर, दॅट मॅन इज डेड. नो फॅमिली, नथिंग. हू विल माइंड?" पेलसाहेबांनी टोस्ट खाली ठेवला. म्हणाले, "त्याला उत्तर देता येणार नाही, हे माहीत होतं म्हणूनच मी इतक्या सहज त्याचं नाव घेतलं, मिस्टर गद्रे."

त्यांनी डॉक्टर मूनना लिहिलं. माझ्यावर हल्ला करा, सगळा पुरावा सोबत पाठवतो आहे. शत्रूने लिहिलेलं लोक खरं मानतात. डॉक्टर मूननी आधी नकार दिला. मग पुन्हा नकार दिला. ते ग्रेंजचं प्रकरण हीच पेलसाहेबांची एकमेव चांगली कामगिरी आहे, असं आपण चार ठिकाणी लिहून बसलो आहोत, अशी त्यांची अडचण होती. तिसऱ्या पत्रानंतर मात्र लेखाचा कच्चा खर्डा आला. तो वाचून पेलसाहेब इतके संतापले की मी त्यांची गोळी शोधायला लागले. "वाचा हे," ते म्हणाले. "'आमच्या अत्यंत काळजीपूर्वक काम करणाऱ्या मित्राकडून क्वचित घडणारी नजरचूक.' असल्या लेखाने काय होणार? लोक हळहळतील आणि ग्रेंज तिथेच राहील."

त्यांनी ते सगळं खोडलं आणि मला नवीन मजकूर सांगायला लागले. मी आजपर्यंत त्यांच्या तोंडून पुष्कळांची निंदा टाइप केली होती, पण एवढी मन लावून त्यांनी ती कोणाची केली नव्हती. पेल यांनी घाई केली. पेल यांना सत्य नको होतं, नाव हवं होतं. 'अक्षम्य' या शब्दाशी माझी बोटं थांबली. मी म्हटलं, सर, हा शब्द मी लिहिणार नाही. "तुम्ही टाइप करा, मिसेस गद्रे, मत नंतर द्या." मी टाइप केलं. माझी लेक ऋचा शाळेतून येऊन किल्ली मागायला वर आली होती. तिने माझ्या खांद्यावरून स्क्रीनवरचं वाचलं आणि जिन्यात मला विचारलं, "आई, व्हाय इज ही बीइंग सो मीन टु हिमसेल्फ?" मी तिला हात धुवून जेवायला बस म्हटलं.

लेख डॉक्टर मूनच्या नावाने छापून आला आणि एकदम गाजला. नौदलाच्या वर्गांतून ग्रेंजचं नाव काढल्याचं कोणी तरी कळवलं. त्याच आठवड्यात प्रकाशकाने पेलसाहेबांना कळवलं की कोशाच्या विश्वासार्हतेचा विचार करता संपादक बदलणं भाग आहे. नवे संपादक डॉक्टर मून. साहेबांना याचा अंदाज होता. मला नव्हता. इतक्या वर्षांचं काम, एकेका माणसाच्या कार्डांनी भरलेले खण, सगळं आम्ही केळ्यांच्या खोक्यांत भरलं. शिरीषने ती खोकी एका इंग्लंडला जाणाऱ्या कंटेनरमध्ये नीट जागा बघून चढवली. साहेब खिडकीत उभे होते. बोट सुटली तेव्हा त्यांनी तिला पहिल्यांदा जहाज म्हटलं. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंड धुऊन आले.

त्यानंतर ते मरणाच्या बातम्या वाचेनासे झाले. क्रिकेट वाचायला लागले, ज्यातलं त्यांना काही कळत नसे. अबू सालेमबरोबर संध्याकाळी समुद्राकाठच्या कॉर्निशवर बसत. पाहुणा आलाच तर त्याला खिडकीशी नेऊन म्हणत, "तिथे मी एका माणसाला बुडवलं होतं. नंतर वर काढलं." त्यांचं वजनही थोडं वाढलं. मी असा सुखी माणूस फार पाहिला नाही, आणि त्याचा मला राग यायचा, हेही खरं.

शिरीषची बदली झाली आणि आम्ही दुबईत अल कुसैसला राहायला गेलो. एकदा सकाळी अबू सालेमचा फोन आला. "सिस्टर, नोखदा खलास," तो म्हणाला.

दफन शारजात झालं. आम्ही तिघं, अबू सालेम आणि त्याचे मुलगे, टायपिंग सेंटरवाला, एक पाद्री. आणि त्या उन्हात लोकरीचा सूट घालून आलेला एक बुटका म्हातारा. ते डॉक्टर मून होते. मी त्यांची जी कल्पना केली होती त्यातलं काहीच त्यांच्यात नव्हतं. सगळं झाल्यावर ते माझ्याजवळ आले आणि तो मजकूर तुम्हीच टाइप केला होता ना, असं विचारलं. मी हो म्हटलं.

"मी त्याच्याविरुद्ध आयुष्यभर लिहिलं," ते म्हणाले. "लोक अजून मला भेटून सांगतात की त्या लेखाइतकं चांगलं मी कधीच लिहिलं नाही."

मी म्हटलं, मग आता तरी खरं सांगून टाका. ते गेले. आता काय हरकत आहे.

डॉक्टर मूननी मान हलवली. "खरं सांगितलं तर तो लेख पुन्हा त्याचाच होतो. म्हाताऱ्या लेखकाला शंका आली, एवढंच उरतं. ग्रेंज परत खाली झोपायला जातो." त्यांनी रुमाल काढला आणि तो कुठे लावावा ते न कळल्यासारखे उभे राहिले. मग मीही रडले, अगदी मोठ्याने. अबू सालेमने आम्हा दोघांना पाण्याच्या बाटल्या आणून दिल्या आणि सावलीत बसवलं.

कोश पुढे निघाला. पेलसाहेबांच्या पानाखाली ग्रेंजची चूक आहे, आणि ती कोणी दुरुस्त केली यापुढे डॉक्टर मूनचं नाव आहे. डॉक्टर मूनही आता नाहीत. खरी हकिकत आता आमच्या घरापुरतीच उरली. पेलसाहेबांचं कुठे तरी नाव व्हावं असं मला फार वाटतं, पण इंग्रजीत मी हे कधी लिहिलं नाही, लिहिणारही नाही. मराठीत लिहिते आहे. आरमाराचे इंग्रज इतिहासकार मराठी वाचत नाहीत, त्यामुळे लेफ्टनंट ग्रेंजला काही धोका नाही.